ग्रंथपाल आणि संशोधन



गावातील ग्रंथपाल म्हटला, की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. संध्याकाळी तो येतो, कुलूप काढतो, वर्तमानपत्रे टेबलावर मांडतो, मागितलेले पुस्तक कपाटातून काढून देतो, वहीत नाव लिहून घेतो आणि वेळ झाली की पुन्हा कुलूप लावून घरी जातो. पुस्तके हरवू नयेत, फाटू नयेत, वर्गणी थकू नये, एवढी काळजी त्याने घेतली म्हणजे त्याचे काम चोख झाले, असे आपण मानतो. संशोधन हे पंडितांचे काम, विद्यापीठाचे काम. ग्रंथपालाने त्यांना पुस्तके काढून द्यावीत म्हणजे झाले, अशी आपली समजूत आहे. खुद्द पुष्कळशा ग्रंथपालांचीही तीच समजूत आहे.

ही समजूत इतिहासाला धरून नाही, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. आपल्याकडे ग्रंथालये जेथे खरोखर रुजली, तेथे कोणी ना कोणी ग्रंथपाल किंवा सूचिकार स्वतः शोध करीत होता. आणि जेथे असा माणूस नव्हता, तेथे कपाटे राहिली, पण ग्रंथालय हळूहळू निजले.

प्रथम बडोद्याकडे चला. आपल्या नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या गादीवर बसला आणि सयाजीराव महाराज झाला, ही कथा शिक्षक मंडळींना ठाऊक आहेच. महाराजांनी १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण लगेच प्रश्न आला, की चार इयत्ता शिकून बाहेर पडलेल्या मुलाने पुढे वाचावयाचे काय? वाचायला मिळाले नाही तर आलेली अक्षरेही पुसून जातात. म्हणून १९१० साली महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतले. मध्यवर्ती ग्रंथालय निघाले, ग्रंथपालांचे शिक्षणवर्ग निघाले, लाकडी पेट्यांत पुस्तके भरून ती खेडोपाडी पाठविण्याची व्यवस्था झाली. या चळवळीची हकिगत पुढे १९१९ साली जनार्दन कुडाळकर यांनी पुस्तकरूपाने लिहिली. ते तेथील ग्रंथालयांचे प्रमुखच होते. आपण काय केले, ते लिहून ठेवावे, म्हणजे दुसऱ्याला उपयोगी पडेल, ही बुद्धी त्या खात्याला होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच मध्यवर्ती ग्रंथालयात संस्कृत विभागाचे ग्रंथपाल होते चिमणलाल डाह्याभाई दलाल. १९१४ च्या सुमारास महाराजांनी त्यांना पाटणला धाडले. गुजरातेतील या जुन्या राजधानीत जैनांची ग्रंथभांडारे आहेत. ताडपत्रांवरच्या आणि कागदांवरच्या हजारो पोथ्या तेथे पेट्यांत बांधून ठेवलेल्या होत्या. दलालांनी एकेक पोथी सोडून पाहिली आणि टिपणे केली. त्या शोधातून बडोद्याची ‘गायकवाड प्राच्य ग्रंथमाला’ उभी राहिली. तिचे पहिले पुष्प १९१६ साली निघाले, ते म्हणजे राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. संपादकांत दलालांचे नाव आहे आणि नावापुढे हुद्दा आहे तो ग्रंथपालाचा.

आता तुम्ही म्हणाल, पाटणच्या पोथ्यांशी आम्हा वऱ्हाड-नागपूरकरांना काय कर्तव्य? कर्तव्य आहे. सुमारे हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या या ग्रंथात विदर्भातील वत्सगुल्म नावाच्या नगराचे वर्णन आहे. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह या नगरात झाला, असे राजशेखर सांगतो. हे वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम. पुढे १९३९ साली वाशीमलाच वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तो वत्सगुल्माहून दिलेला आहे. म्हणजे एकीकडे काव्यशास्त्राच्या ग्रंथाची साक्ष आणि दुसरीकडे तांब्याच्या पत्र्याची साक्ष. त्यांपैकी पहिली साक्ष छापून आपल्या हाती आली ती एका ग्रंथपालामुळे.

दलाल १९१८ साली तरुणपणीच वारले. पण त्यांची टिपणे वाया गेली नाहीत. पंडित लालचंद्र गांधी यांनी ती हाती घेतली आणि पाटणच्या पोथ्यांची वर्णनात्मक सूची १९३७ साली छापून निघाली. दलालांनी हाती घेतलेला ‘भविसयत्तकहा’ हा अपभ्रंश भाषेतील ग्रंथ पुण्याच्या डॉ. पांडुरंग दामोदर गुणे यांनी पुढे नेला आणि तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. नीट लिहून ठेवलेली नोंद ही अशी असते. लिहिणारा जातो, पण काम चालू राहते.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. त्या वेळी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडाची राजधानी होती. या प्रांतातील संस्कृत पोथ्यांची एक यादी डॉ. कीलहॉर्न यांनी करून ती १८७४ साली नागपूरला छापली होती. पुढे अर्ध्या शतकाने, १९२६ साली, रायबहादूर हिरालाल यांनी संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांची मोठी सूची नागपुरातच प्रसिद्ध केली. रायबहादूर हे पेशाने सरकारी अधिकारी. पण शिलालेख, जाती-जमाती, पोथ्या, जे जे नजरेस पडेल ते ते पद्धतशीर नोंदविण्याची त्यांना हौस होती.

या सूचीत कारंजाच्या पोथ्या आल्या. गुरुमंदिरामुळे कारंजा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच गावात जैन मंदिरांची जुनी ग्रंथभांडारे आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे अपभ्रंश भाषेतील काव्ये जपून ठेवलेली होती. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आपल्या आजच्या मराठी, हिंदी, गुजराती या भाषा यांच्या मधली पायरी. मधल्या पायरीचे ग्रंथ फार थोडे हाती आलेले असल्यामुळे भाषेच्या अभ्यासकांची मोठी अडचण होत असे. नागपूरच्या सूचीने अशा ग्रंथांचा ठावठिकाणा छापून सांगितला. त्यानंतर कारंजा जैन ग्रंथमाला निघाली. डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी १९३१ साली पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ संपादिले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पाठोपाठ ‘सावयधम्मदोहा’, ‘णायकुमारचरिउ’, ‘पाहुडदोहा’ आणि १९३४ साली ‘करकंडचरिउ’ असे ग्रंथ काढले. (हे हिरालाल वेगळे आणि रायबहादूर वेगळे, हे सांगून ठेवतो. नामसाम्यामुळे घोटाळा होतो.) यांपैकी ‘करकंडचरिउ’मध्ये तेर नगरीजवळच्या लेण्यांचे वर्णन आहे, आणि धाराशिवच्या लेण्यांचा विचार करताना अभ्यासकांना त्याचा उपयोग होतो. कोठे कारंजा आणि कोठे धाराशिव! पण पोथीची नोंद झाली म्हणून हा धागा जुळला.

या हकिगतीत एक गोष्ट मोलाची आहे. चांगल्या सूचीत नुसते ग्रंथाचे नाव नसते. पोथी कोणाजवळ आहे, कोणत्या गावी आहे, कोणत्या लिपीत आहे, पाने किती, आरंभ कसा, शेवट कसा, लेखनाचा शक दिला आहे काय, हे सारे असते. ‘एक जुनी पोथी, जीर्ण’ एवढेच लिहिले असते, तर तिचा शोध कोणी घेतला असता? यादी करणे हे कारकुनी काम दिसते खरे. पण काय नोंदवायचे आणि काय नाही, हे ठरविणे म्हणजेच संशोधनाची सुरुवात आहे.

छापील मराठी पुस्तकांच्या बाबतीत हेच काम शंकर गणेश दाते यांनी केले. १८०० ते १९३७ या काळात निघालेल्या मराठी पुस्तकांची सूची त्यांनी तयार केली, आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली बाहेर आला. आज मराठी पुस्तकांचा इतिहास लिहावयास बसलेला कोणीही माणूस प्रथम ‘दाते सूची’ उघडतो. पुढे दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे या तिघांची मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ साली प्रसिद्ध केली. मोठ्या सूचीचा आधार शेवटी ठिकठिकाणच्या संग्रहांचाच असतो. एखाद्या गावच्या कपाटात एखाद्या मासिकाचा एकच अंक शिल्लक असेल आणि तेथल्या माणसाने त्याची नोंद केली नसेल, तर तो अंक जगाच्या दृष्टीने नाहीच.

येथवर पुस्तकांच्या शोधाची गोष्ट झाली. ग्रंथपालाच्या संशोधनाची दुसरी बाजू वाचकाकडे पाहते. त्यासाठी मद्रासकडे वळले पाहिजे.

शियाळी रामामृत रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले. सुरुवातीला या कामाचा त्यांना इतका कंटाळा आला, की पुन्हा वर्गात जाऊन गणित शिकवावे असे त्यांना वाटू लागले. मग ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांनी शंभरावर ग्रंथालये डोळसपणे पाहिली. प्रत्येक ठिकाणी रीत वेगळी! तेव्हा गणितज्ञाच्या मनात प्रश्न आला, की या नाना रीतींच्या मुळाशी काही मोजकी तत्त्वे असतील काय? त्या विचारातून १९३१ साली त्यांचे ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांचे पुस्तक आले आणि १९३३ साली त्यांची वर्गीकरणपद्धती आली. पुस्तके वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, वाचकाचा वेळ फुकट जाता कामा नये, ग्रंथालय वाढत राहते, असा त्या सूत्रांचा आशय आहे. किती साधी वाटतात! पण ‘माझ्या ग्रंथालयात हे घडते काय?’ असे एकेका सूत्राला धरून विचारून पाहा, म्हणजे त्यांची धार कळेल.

याच १९३१ साली, जेथे आपल्या भोसल्यांनी राज्य केले त्या तंजावर जिल्ह्यात, मन्नारगुडी येथे बैलगाडीतून फिरते ग्रंथालय निघाले. वाचक येत नाहीत ना, मग पुस्तकांनीच जावे, असा तो विचार. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात डग्लस वेपल्स आणि त्यांचे सहकारी टायलर यांनी लोकांना कशाविषयी वाचावेसे वाटते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वेपल्स यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट पुढे आली. माणसे आवडीचा विषय एक सांगतात आणि वाचतात भलतेच. कारण जे हाताशी सहज सापडते तेच वाचले जाते. ‘आमच्या गावच्या लोकांना वाचनाची आवडच नाही’ असे आपण फार लवकर म्हणून मोकळे होतो. आवड नाही, की आवडीचे पुस्तक हाताशी नाही, हे तपासून कोण पाहणार? गावच्या ग्रंथपालाशिवाय ते कोणाला जमणार आहे?

आता कामाचे बोलू. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला आणि त्याच्या आधाराने आज दहा हजारांवर ग्रंथालये अनुदान घेत आहेत. त्यांतील बहुतेक खेड्यांत आहेत. मानधन तुटपुंजे असते, माणूस एकटाच असतो, हे मी जाणतो. म्हणून ज्याला पैसा लागत नाही असेच संशोधन सुचवितो. एक वही, एक पेन्सिल आणि आठवड्यातून एक तास एवढे पुरे.

पहिला प्रश्न घ्या: गेल्या तीन वर्षांत कोणती पुस्तके एकदाही कपाटाबाहेर गेली नाहीत? देवघेवीच्या वहीवरून अशी पन्नास पुस्तके काढा. त्यांतील पंचवीस दाराजवळच्या टेबलावर मांडा आणि पंचवीस जागच्या जागी राहू द्या. दोन महिन्यांनी दोन्हीकडची किती गेली ते मोजा. टेबलावरची गेली, तर दोष पुस्तकांचा नव्हता, कपाटाचा होता. तीही गेली नाहीत, तर पुढच्या खरेदीत काय घेऊ नये, हे तुम्हाला कळले. दोन्हीकडून लाभच आहे.

दुसरा प्रश्न: कोण येत नाही? बाया किती येतात, शेतमजूर किती, शाळा सोडलेली पोरे किती? नावानिशी कोण काय वाचतो, हे चव्हाट्यावर मांडू नका. तो वाचकाचा खाजगी मामला आहे. नुसती संख्या घ्या. मग उघडण्याची वेळ बदलून पाहा. पण येथे एक सावधगिरी हवी. पऱ्हाटी वेचणीला आली, की कोणाला फुरसत नसते. तेव्हा उन्हाळ्याची तुलना दिवाळीनंतरच्या दिवसांशी करू नये. ह्या वर्षीच्या चैत्राची तुलना मागल्या चैत्राशीच करावी. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. नवे बियाणे तो आधी दोन तासांत पेरून पाहतो आणि शेजारच्या तासातल्या जुन्याशी ताडून बघतो. तीच रीत येथे चालवावयाची.

तिसरा प्रश्न: आपल्या गावाचे स्वतःचे कागद कोठे आहेत? जुन्या वाड्यातील मोडी दप्तरे, महानुभावांच्या पोथ्या, शाळेची जुनी हजेरीपत्रके, सहकारी संस्थेच्या इतिवृत्तांच्या वह्या, दिवाळी अंक, भजनी मंडळांची हस्तलिखिते. ती मागून आणू नका. मालकाचा विश्वास फार नाजूक असतो. त्याच्याच ओसरीवर बसा, परवानगी घ्या आणि रायबहादूर हिरालालांनी केली तशी नोंद करा. आता मोबाईल घरोघर आहे. मालकाची संमती असेल तर पहिल्या आणि शेवटल्या पानाचे छायाचित्रही घ्या. या कामी शिक्षकांनी वरच्या वर्गातील चार मुले बरोबर द्यावीत. मुलांना इतिहास पुस्तकाबाहेरही असतो, हे त्या दिवशी कळेल.

स्वतः संशोधन करण्याइतकेच महत्त्वाचे आहे दुसऱ्याचे संशोधन वापरणे. साधे उदाहरण देतो. फाटलेल्या पानाला आपण चिकटपट्टी लावतो. काही वर्षांनी तिचा गोंद पिवळा पडतो आणि कागदाला डाग पडून तो खराब होतो, हे जतन करणाऱ्यांनी कधीच सांगून ठेवले आहे. तरी आपल्याकडे ती लावली जातेच. का? कारण कोणी विचारले नाही. अडले, तर विचारावे. नागपूर विद्यापीठात ग्रंथालयशास्त्राचा विभाग आहे, विदर्भ साहित्य संघ आहे, विदर्भ संशोधन मंडळ आहे. पत्र लिहिण्यात कमीपणा नाही.

आता एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. पुष्कळ ठिकाणी वह्या तपासणीपुरत्या भरल्या जातात. अधिकारी येणार म्हटले, की एका रात्रीत महिनाभराच्या वाचकांची हजेरी लागते. अनुदानाची काळजी असते, हे मान्य. पण या खोट्या नोंदीने नुकसान कोणाचे होते? वाचक वाढले असे कागद म्हणतो, म्हणून वाचक का घटले हा प्रश्नच कोणी विचारीत नाही. रोगी बरा आहे असे लिहून ठेवले, की वैद्याला कोण बोलावणार? आणि पन्नास वर्षांनी कोणी या गावाच्या वाचनाचा इतिहास लिहू म्हणेल, तर त्याच्या हाती ही खोटी वही येईल. खरी वही, मग तिच्यात दिवसाला तीनच वाचक असोत, ती खोट्या तीसांहून मोलाची आहे. त्या तिघांवरून पुढचा रस्ता सापडतो.

जे पाहिले ते दोन पानांत लिहून काढा. काय विचारले, काय केले, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आकडे काय आले, आणि काय फसले. फसलेलेही लिहा, दुसऱ्या गावाचा तेवढा वेळ वाचेल. तालुक्याच्या बैठकीत ते वाचून दाखवा. दहा गावांनी असे केले, तर वऱ्हाडात आणि नागपूर प्रांतात लोक काय वाचतात, का वाचतात, का वाचत नाहीत, याचे जे चित्र उभे राहील, ते आज कोणाही पंडिताजवळ नाही.

कारंजाच्या भांडारातील पोथ्या शतकानुशतके टिकल्या, कारण कोणीतरी त्या जपल्या. पण त्या बोलू लागल्या, तेव्हा कोणीतरी त्या सोडून पाहिल्या होत्या आणि पाहिलेले लिहिले होते. जपणे आपल्या ग्रंथपालांना येते. पाहणे आणि लिहिणे, एवढी दोन कामे त्यांनी आपल्या नेमाच्या कामात धरावीत. गावकऱ्यांनी आणि गुरुजींनी त्यांना हात द्यावा. येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेला वहीत पहिला खरा आकडा लिहिला, तरी सुरुवात झाली असे मी म्हणेन.